मुलीला नर्सिंगला घालताय? फी विचारण्याआधी कॉलेजचे रुग्णालय बघा

बारावीचा निकाल लागला की माझ्या ओपीडीत तपासणी झाल्यावरही काही पालक खुर्चीवरून उठत नाहीत. औषधाची चिठ्ठी हातात असते, पण विचारायचे दुसरेच असते. "सर, पोरीले नर्सिंगले टाकाचं म्हणतो. कसं राहते?" गोसीखुर्द आणि पवनीकडच्या गावांतून हा प्रश्न गेल्या काही वर्षांत वरचेवर येऊ लागला आहे.

अशाच एका आईने पिशवीतून एका खासगी कॉलेजचे रंगीत पत्रक काढून माझ्यासमोर ठेवले. ते आणून देणाऱ्या माणसाने तिला तीन गोष्टी सांगितल्या होत्या: सीईटीची गरज नाही, प्रवेश थेट होईल, शिकून झाले की जर्मनीत नोकरी. फक्त आठ दिवसांत पैसे भरायचे. पैसे कुठून येणार, असे मी विचारले. धरणात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यातून मुलीसाठी बाजूला ठेवलेली रक्कम होती. घरात दुसरी शिल्लक नव्हती.

मी तिला एकच विचारले, "त्या कॉलेजला दवाखाना कोणता आहे? तिथे रोज किती पेशंट भरती असतात?" तिला माहीत नव्हते. पत्रकातही ते नव्हते. हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. नर्सिंगची जागा मिळणे आता पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. चांगली जागा ओळखणे मात्र अवघड झाले आहे. चुकीचा निर्णय झाला तर नुकसान फक्त मुलीचे होत नाही. चार वर्षांनी ती ज्यांच्या खाटेशेजारी उभी राहील, त्या रुग्णांचेही होते.

सध्या नर्सिंगची एवढी चर्चा का?

मागणी खरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मे २०२५ च्या अहवालानुसार २०२३ मध्ये जगात सुमारे २ कोटी ९८ लाख परिचारिका आणि परिचारक होते, आणि तरीही जवळपास ५८ लाखांची कमतरता होती. आपल्याकडे केंद्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात १५७ नवी नर्सिंग कॉलेजे जाहीर केली. ती २०१४ नंतर सुरू झालेल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या जोडीने उभी करायची आहेत. त्याच वर्षी संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा मंजूर केला. १९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी तो आहे.

जिल्ह्यातही बदल होत आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात जी दहा सरकारी वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली, त्यात भंडाऱ्याचे एक आहे. वैद्यकीय महाविद्यालय आले की खाटा वाढतात, वॉर्ड वाढतात आणि सिस्टर लागतात.

जर्मनीची गोष्टही हवेतून आलेली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला आणि त्यात परिचारिकांचा समावेश आहे. पण तिथे परिचारिका म्हणून मान्यता मिळवायची तर जर्मन भाषा साधारण बी-२ पातळीपर्यंत यावी लागते आणि तुमचे शिक्षण तपासले जाते. वॉर्डात किती तास काम केले, कोणत्या विभागांत केले, हे कागदावर दाखवावे लागते. परदेशाची जाहिरात करणारे कॉलेज रुग्णालयाबद्दल बोलत नसेल, तर ते नेमकी कामाची गोष्ट लपवत आहे.

एएनएम, जीएनएम की बीएस्सी?

लोक तिन्हीला 'नर्सिंग'च म्हणतात, पण हे तीन वेगळे रस्ते आहेत.

- एएनएम: दोन वर्षांचा अभ्यासक्रम. उपकेंद्रात लसीकरण, गरोदर मातांची तपासणी करणाऱ्या ज्या सिस्टर तुम्ही पाहता, त्यांचा हा रस्ता. कोणत्याही शाखेतून बारावी चालते.
- जीएनएम: तीन वर्षे. बारावी कोणत्याही शाखेची चालते, पण इंग्रजी विषय आणि किमान ४० टक्के गुण लागतात. पुढे दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बीएस्सी करता येते.
- बीएस्सी नर्सिंग: विद्यापीठाची चार वर्षांची पदवी. आपल्या राज्यातील बहुतेक कॉलेजे नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेली आहेत.

कला शाखेच्या मुलीला बीएस्सी नर्सिंगला प्रवेश मिळत नाही. कोणी "आम्ही जमवून देतो" म्हणत असेल, तर तिथूनच परत फिरा.

बीएस्सीचा प्रवेश कसा होतो?

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेत आणि त्यांत मिळून किमान ४५ टक्के गुण हवेत. अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्क्यांची सूट आहे. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वय १७ पूर्ण झालेले हवे.

२०२२ पासून राज्याचा सीईटी सेल बीएस्सी नर्सिंगची वेगळी परीक्षा घेतो. १०० प्रश्न, १०० गुण, ९० मिनिटे. भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंगचा कल या पाच भागांना प्रत्येकी २० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न सोडून येऊ नये. आमच्याकडच्या मराठी माध्यमाच्या मुली इंग्रजीला घाबरतात आणि तो भाग शेवटी ठेवतात. तेच २० गुण सहा महिने रोज अर्धा तास दिला तर हाती लागतात.

नियमानुसार खुल्या गटाला किमान ५० पर्सेंटाइल आणि मागास प्रवर्गांना ४० पर्सेंटाइल लागते. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हे. ५० पर्सेंटाइल म्हणजे परीक्षा देणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या बरोबरीने किंवा पुढे असणे. जागा रिकाम्या राहिल्या की ही अट सैल करण्याचा प्रश्न पुढे येतो, म्हणून त्या वर्षीची सूचना सीईटी सेलच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा. सांगोवांगीवर जाऊ नका.

परीक्षेनंतर कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश फेऱ्या होतात. इथे मुलीने ऑनलाइन कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा असतो. एम्सच्या बीएस्सी ऑनर्स नर्सिंगची परीक्षा वेगळी असते. पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयातील नर्सिंगसाठी 'नीट' द्यावी लागते आणि तो अभ्यासक्रम फक्त मुलींसाठी आहे.

'थेट प्रवेश' महाग का पडतो?

ही माहिती बहुतेक पालकांपर्यंत पोहोचतच नाही. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. अनुसूचित जाती-जमातींसाठी शिष्यवृत्ती आणि फ्रीशिपच्या योजना आधीपासून आहेत.

पण ८ जुलैच्या निर्णयाची अट आहे ती केंद्रीभूत फेरीतून प्रवेश घेण्याची. व्यवस्थापन कोट्यातून किंवा कॉलेजात जाऊन परस्पर घेतलेल्या जागेला ही माफी लागू होत नाही. खासगी अभिमत विद्यापीठांनाही नाही. म्हणजे सीईटीचा त्रास वाचवून थेट प्रवेश देणारा माणूस खरे तर मुलीची चार वर्षांची फीमाफी घालवत असतो. त्या आईला हे कोणी सांगितले नव्हते.

वसतिगृह, मेस, गणवेश, प्रवास हा खर्च मात्र राहतोच. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जात प्रमाणपत्र, जात वैधता, नॉन-क्रीमीलेयर हे कागद बारावीच्या वर्षातच काढून ठेवा. वैधतेअभावी हातची जागा गेलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. घरी प्रकल्पग्रस्ताचा दाखला असेल तर तोही जपा. पुढे राज्याच्या गट 'क' भरतीत प्रकल्पग्रस्तांना समांतर आरक्षण आहे.

रुग्णालय बघायचे म्हणजे काय बघायचे?

मी एमबीबीएस झालो तेव्हा मला पुस्तकातले पुष्कळ येत होते. सलाईनची सुई शिरेत कशी घालायची हे मला इंटर्नशिपमध्ये एका वयस्कर सिस्टरने शिकवले. रात्री दोन वाजता, माझे दोन प्रयत्न फसल्यावर, पेशंटची माफी मागून. हे काम माणसाच्या हाताखाली आणि माणसाच्या अंगावरच शिकता येते. वॉर्डात पेशंटच नसतील तर शिकायचे कशावर?

म्हणून नियमच असा आहे की बीएस्सी नर्सिंगच्या कॉलेजला स्वतःचे किमान १०० खाटांचे रुग्णालय हवे, खाटा साधारण ७५ टक्के भरलेल्या हव्यात, आणि एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण हवेत. दहा विद्यार्थिनींमागे एक शिक्षक हवा. कागदावर हे सगळीकडे असते. प्रत्यक्षात आहे का, ते बघायला एक दिवस काढा.

1. भारतीय परिचर्या परिषद, महाराष्ट्र परिचर्या परिषद आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठ या तिन्ही ठिकाणी कॉलेजचे नाव चालू वर्षासाठी आहे का, ते पाहा.
2. सकाळी दहाच्या सुमारास कॉलेजच्या रुग्णालयात जा. ओपीडीत रांग आहे का? वॉर्डातल्या खाटांवर माणसे आहेत का?
3. प्रसूती, बालरुग्ण, शस्त्रक्रिया हे विभाग चालू आहेत का? नसतील तर मुलींना कुठल्या रुग्णालयात पाठवतात आणि ते किती लांब आहे?
4. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलीला बाजूला घेऊन विचारा: "आठवड्यात किती दिवस वॉर्डात जाता? शिकवायला मॅडम बरोबर असतात का?"

चौथ्या प्रश्नाचे उत्तर पत्रकाच्या वीस पानांपेक्षा खरे असते.

हे मी एवढे का ताणून सांगतो? ९ जानेवारी २०२१ ची पहाट आमच्या जिल्ह्यात कोणी विसरलेले नाही. भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली. आत १७ बाळे होती. ७ वाचवता आली, १० गेली. दोष कोणाचा, हे सांगण्याची ही जागा नाही. पण आपण झोपलेलो असतो तेव्हा आपल्या माणसाजवळ कोण जागे असते, हे त्या रात्रीने सगळ्यांना दाखवले. बाळाचा रंग बदलला, श्वास वाढला, यंत्राचा आवाज वेगळा आला, हे पहिल्यांदा सिस्टरला कळते. ते कळायला शेकडो बाळे पाहिलेली असावी लागतात. वर्गात बसून ते येत नाही.

पहिल्या वर्षात काय असते?

२०२१-२२ च्या तुकडीपासून अभ्यासक्रम सत्र पद्धतीचा झाला आहे. चार वर्षांत आठ सत्रे.

पहिल्या सत्रात इंग्रजी संभाषण, शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि नर्सिंगचा पाया हे विषय असतात. दुसऱ्या सत्रात जीवरसायनशास्त्र, पोषण व आहारशास्त्र, आरोग्यातील संगणकाचा वापर आणि नर्सिंगच्या पायाचा दुसरा भाग. प्रथमोपचार पहिल्या सत्रात येतात, रुग्णाची तपासणी कशी करायची हे दुसऱ्या सत्रात.

पालकांना वाटते पहिले वर्ष पुस्तकाचे असेल. तसे नाही. नर्सिंगच्या पायासाठी पहिल्या सत्रात १६० तास आणि दुसऱ्या सत्रात ३२० तास रुग्णांमध्ये काढायचे असतात. त्याआधी आणि त्याबरोबर कौशल्य प्रयोगशाळेत पुतळ्यांवर सराव असतो.

करायचे काय? हात धुणे, खाट लावणे, ताप-नाडी-श्वास-बीपी मोजणे, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पुसून काढणे, कूस बदलणे, बेडपॅन देणे, नोंदी लिहिणे. "एवढं शिकून हेच करायचं का?" असे काही मुली पहिल्या महिन्यात फोनवर रडत विचारतात. याचे उत्तर पालकांकडे तयार हवे. पडून असलेल्या रुग्णाची दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर पाठीला जखम होते, ती चिघळते आणि माणूस त्यातून जाऊ शकतो. कूस बदलताना सिस्टर पाठीची त्वचा पाहते. पुसून काढताना पायाची सूज पाहते. हलकी वाटणारी ही कामे म्हणजेच रुग्णाची तपासणी असते.

हजेरीचे नियम कडक आहेत. परीक्षेला बसायला किमान ८० टक्के हजेरी लागते आणि पदवी मिळण्याआधी वॉर्डातील कामाचे तास १०० टक्के भरावे लागतात. लग्नकार्य, धानाची रोवणी, सण यासाठी मुलीला वरचेवर घरी बोलावू नका. बुडालेला दिवस तिला नंतर भरून द्यावा लागतो. उत्तीर्ण व्हायला लेखी आणि प्रात्यक्षिकात वेगवेगळे ५० टक्के लागतात. बारावीच्या ३५ ची सवय इथे चालत नाही.

जाण्याआधी तब्येतीची तयारी

डॉक्टर म्हणून हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि प्रवेशाच्या धावपळीत तोच राहतो.

*हिमोग्लोबिन आणि सिकलसेल.* आपल्या भागात दोन्हीची तपासणी कराच. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर सहा तास उभे राहण्याच्या ड्युटीत चक्कर येते. लोहाच्या गोळ्या आताच सुरू करता येतात. पूर्व विदर्भात सिकलसेल बऱ्याच घरांत आहे. मुलगी फक्त वाहक असेल तर नर्सिंगला काहीच अडचण नाही. तिला आजार असेल तर वसतिगृहापासून जवळ उपचाराची सोय, भरपूर पाणी, थंडीपासून बचाव आणि कॉलेजला आधी कल्पना देणे, हे ठरवून मग पाऊल टाका.

*लसी.* हिपॅटायटिस बी च्या तीन मात्रा ०, १ आणि ६ महिन्यांनी घ्यायच्या असतात. सीईटी झाल्याबरोबर पहिली मात्रा घेतली तर सुयांशी संबंध येण्याआधी बरेच संरक्षण तयार होते. धनुर्वाताची लस, आणि कांजिण्या आल्या होत्या का हेही तपासून घ्या.

*रंग ओळखणे.* प्रवेशावेळी रंगांधत्वाची तपासणी असते. दोष निघाला म्हणून प्रवेश बंद होत नाही. त्यासाठीचा चष्मा किंवा लेन्स वापरण्याची अट असते.

*सुई टोचली तर.* शिकताना कधीतरी टोचू शकते. बोट तोंडात घालू नये, पिळू नये. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावे आणि लगेच वॉर्डच्या इनचार्ज सिस्टरला सांगावे. एचआयव्हीपासून बचावाची औषधे शक्यतो दोन तासांत आणि कोणत्याही स्थितीत ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. ओरडा बसेल या भीतीने लपवलेली टोचणी सगळ्यात धोक्याची. मुलीला हे घरातूनच सांगून पाठवा.

*मन.* पहिला मृत्यू पाहिल्यावर झोप न लागणे, जेवण न जाणे हे चार-आठ दिवस होते. त्यात कमकुवतपणा काही नाही. दोन आठवड्यांनंतरही तसेच राहिले, किंवा मुलगी गप्प गप्प झाली, तर शिक्षिकेशी आणि डॉक्टरांशी बोला. फोनवर "परत येऊ नको, पैसे भरलेत" हे वाक्य टाळा. त्याऐवजी "आज कोणता पेशंट होता?" असे विचारा.

शेवटी

त्या आईने पैसे भरले नाहीत. मुलगी जीवशास्त्राची होती, गुण पुरेसे होते, फक्त त्या वर्षीची सीईटी होऊन गेली होती. एक वर्ष थांबायचे की नाही, यावर घरात बरीच बोलाचाली झाली. एक वर्ष वाया जाते असे मलाही वाटत होते. पण रिकाम्या वॉर्डाच्या कॉलेजात चार वर्षे घालवण्यापेक्षा आणि जमिनीचे पैसे संपवण्यापेक्षा ते एक वर्ष स्वस्त होते. त्यांनी थांबायचे ठरवले. मुलगी सध्या अभ्यास करते आणि हिपॅटायटिसच्या दोन मात्रा माझ्याकडेच घेऊन गेली आहे.

तुमच्या घरी हाच विषय चालू असेल तर लक्षात ठेवा: प्रवेश कॅपमधूनच घ्या, कागद वेळेत काढा, तब्येत तपासून घ्या. आणि पैसे भरण्याआधी एकदा कॉलेजच्या वॉर्डात जाऊन उभे राहा. तिथे तुमचे स्वतःचे माणूस भरती करायला तुमचे मन तयार होते का, ते बघा. होत नसेल, तर मुलीलाही तिथे शिकायला पाठवू नका.